'इन्शाल्ला' म्हणजे 'विसरा' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'इन्शाल्ला'वरचा लेख वाचला आणि लगेच कागद ओढला होता. रागाच्या भरात नको म्हणून एक रात्र जाऊ दिली, पण राग गेलेला नाही. 'आखातात इन्शाल्ला ऐकू आले की काम होणार नाही असे समजावे' हे वाक्य लेखकाने गंमत म्हणून लिहिले असेल. मी 14 वर्षे मस्कतमध्ये नर्स म्हणून काढली आहेत आणि मला त्यात गंमत वाटत नाही.

देवाची इच्छा असेल तर, एवढाच त्याचा अर्थ. उद्या अमुक करीन असे म्हणताना हे जोडल्याशिवाय म्हणू नये, असे कुराणातच सांगितले आहे (सूरा कहफ, 18:23-24). उद्याचा दिवस आपल्या हातात नाही हे कबूल करून दिलेला शब्द आहे तो. ऑपरेशन थिएटरच्या दारात पेशंटची आई ट्रॉलीची कड सोडत नसे. 'बरा होईल ना?' एवढेच पुन्हा पुन्हा विचारी. सर्जन म्हणत, 'इन्शाल्ला.' 'नक्की' म्हणायला कोणी शहाणा सर्जन धजत नाही आणि 'सांगता येत नाही' हे त्या माउलीला ऐकवणार कसे? आमच्या इनचार्ज सिस्टर लेबनॉनच्या, मॅरोनाइट ख्रिस्ती, गळ्यात क्रूस घालणाऱ्या. त्याही तेच म्हणत आणि ट्रॉली आत जाईपर्यंत त्या आईजवळ उभ्या राहत. वर्षभरात माझ्याही तोंडी तो शब्द बसला. हिंदू असून तू असे का म्हणतेस, हे मला तिथे एकानेही विचारले नाही.

आता दुसरा 'इन्शाल्ला' सांगते. नोकरी सोडली तेव्हा माझे फायनल सेटलमेंट, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे, पाच महिने अडकले होते. हिशेबाच्या टेबलावर बसणारा गृहस्थ आपल्याच देशाचा, मुस्लिम नव्हे. मी गेले की तो फाइल न उघडताच म्हणे, 'बुकरा, इन्शाल्ला.' बुकरा म्हणजे उद्या. उद्या गेले की 'रविवारी, इन्शाल्ला.' आणि म्हणताना शेजारच्या टेबलाकडे बघून डोळा मारी. तोच माणूस ओमानी साहेब समोर आला की हाच शब्द मान खाली घालून म्हणत असे. माझी फाइल पाच महिने त्याच्या खणात होती, देवाने ती अडवली नव्हती. एकदा न राहवून मी त्याला म्हटले, 'भाऊ, तुम्हाला काम करायचे नसेल तर तसे सांगा. देवाचे नाव मध्ये घालू नका.' तो हसला. ते हसणे मी अजून विसरलेले नाही आणि रविवारच्या लेखात मला तेच पुन्हा दिसले. चालढकल करणारा माणूस कोणत्याही भाषेत चालढकल करतो. 'बघू', 'करतो', 'सांगतो तुम्हाला' ही आपली मराठी उत्तरे काय कमी ऐकली आहेत आपण? म्हणून कोणी मराठीला नावे ठेवत नाही.

लेखाच्या शेवटी मुस्लिमेतरांनी हे शब्द वापरूच नयेत असा सल्ला आहे. तो कोणाला दिला आहे? इजिप्तमधले कॉप्ट पंथाचे ख्रिस्ती, लेबनॉनमधले ख्रिस्ती जन्मापासून हेच बोलतात. अरबी बायबलात देवाला 'अल्लाह' हाच शब्द आहे. माल्टाचे कॅथलिक चर्चमध्ये देवाला 'अल्ला' म्हणतात. स्पॅनिश माणूस 'ओहाला' म्हणतो, तेही अरबीतूनच गेलेले 'देव करो' आहे. आपण 'तोबा गर्दी' म्हणतो त्यातला 'तोबा' म्हणजे पापाचा पश्चात्ताप. तो आता मराठीतून कोण काढणार आणि कशासाठी?

न म्हटल्याने काय होते तेही मी पाहिले आहे. नवीन असताना बाळंतिणींच्या वॉर्डात एका बाळाचे वजन केले, साडेतीन किलो भरले. मी कौतुकाने म्हटले, 'केवढे गुटगुटीत बाळ!' आजीचा चेहरा उतरला, तिने दुपट्याने बाळाचे तोंड झाकले. इनचार्ज सिस्टर पलीकडून पटकन म्हणाल्या, 'माशाल्ला.' देवाने इच्छिले तसे झाले, असा त्याचा अर्थ. आजीने दुपटे बाजूला केले. बाळाला माझी दृष्ट लागेल ही तिची भीती मला समजायला कोणाला धर्म विचारावा लागला नाही, ती आपल्याकडेही आहे. त्यानंतर कोणत्याही बाळाचे कौतुक मी 'माशाल्ला' म्हटल्याशिवाय केले नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या चौकटीत 'अल्हम्दुलिल्ला' याचा अर्थ 'मी बरा आहे' असा छापला आहे. हे साफ चूक आहे. 'सर्व स्तुती देवाची' असा त्याचा अर्थ. हा शब्दांचा कीस नाही. खुब्याचे ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी सकाळी विचारले, 'कसे वाटते?' त्या म्हणाल्या, 'अल्हम्दुलिल्ला.' बरे वाटत असेल असे धरून मी पुढच्या बेडकडे वळले. सिस्टरांनी मला परत बोलावले आणि शून्य ते दहामध्ये दुखणे किती ते विचारायला लावले. बाईंनी आठ बोटे दाखवली. इंजेक्शन द्यायला मी निदान वीस मिनिटे उशीर केला होता. आपला पेपर वाचून आखातात नोकरीला जाणाऱ्या मुली असतील. ती चौकट कृपया दुरुस्त करून पुन्हा छापा, आणि माझे पत्र छापलेत तर या वेळी शेवटचा परिच्छेद कापू नका. मागच्या वेळी कापला होता.

आपली,
एक निवृत्त परिचारिका