राँगेलापची राख आणि गळ्यातील गाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अणुचाचण्यांची चर्चा बहुधा स्फोटाच्या ताकदीपाशीच संपते, पुढच्या दुखण्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांपैकी बिकिनी येथे १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. तो शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट शक्तिशाली ठरला. सुमारे दीडशे किलोमीटरवरील राँगेलाप बेटावर काही तासांत स्फोटाने उडालेल्या प्रवाळाची किरणोत्सारी पांढरी भुकटी पडू लागली, ती छपरांवर आणि पिण्याच्या पाण्यात साचली, आणि मुले तिच्यात खेळली. लवकरच उलट्या आणि अंगाची आग सुरू झाली, तरी रहिवाशांना हलवायला दोन दिवस लागले.

अशा भुकटीतील किरणोत्सारी आयोडीन गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठते आणि मुलांची ग्रंथी लहान असल्याने तिला मात्रा जास्त बसते. १९६३ पासून या मुलांच्या गळ्यात गाठी आढळू लागल्या, काहींची वाढ खुंटली. स्फोटाच्या वेळी वर्षाचा असलेला एक मुलगा १९७२ मध्ये ल्युकेमियाने (रक्ताच्या कर्करोगाने) गेला.

अधिक संताप येतो तो १९५७ च्या निर्णयाचा. बेट सुरक्षित असल्याचे सांगून लोकांना परत नेले गेले, आणि किरणोत्सारी सिझियम-१३७ शोषलेले नारळ ते वर्षानुवर्षे खात राहिले. अखेर १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच बेट सोडले.

अणुचाचण्यांच्या दाव्यांसाठी मार्शल बेटांवर नेमलेल्या लवादाने मंजूर केलेल्या नुकसानभरपाईचा मोठा भाग अजूनही थकलेला आहे. अमेरिकेने तो द्यावा आणि कर्करोगावरील उपचार त्या बेटांवरच उपलब्ध करावेत.

आपला,
एक नियमित वाचक