कामाचे तीन दिवस, समुद्राचे चार

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं "पोचलीस का, झोप झाली का, परत कधी" एवढ्यावरच संपतं, म्हणून हे सविस्तर पत्र. बाबा, मनातल्या मनात वाचून घडी घालून ठेवू नका. आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आधी आईच्या काळजीचं. लिस्बनमध्ये परिषद संपल्यावर मी चार दिवस जास्त राहणार म्हटल्यावर तू पहिलं काय विचारलंस, तर "ऑफिसला चालतं का गं असं?" आई, चालतं. फक्त तिकीट काढायच्या आधी सांगावं लागतं, नंतर नाही. सोमवार ते बुधवार परिषद होती. गुरुवार-शुक्रवारची मी रजा टाकली, शनिवार-रविवार सुट्टीच. परतीचं तिकीट बुधवारऐवजी रविवारी रात्रीचं घेतलं, भाडं जवळपास तेवढंच पडलं. चार रात्रींचं हॉटेल माझ्या खर्चाने आणि त्याची पावतीही वेगळी. व्हिसाच्या अर्जात सातही दिवस कुठे राहणार, काय करणार ते लिहिलं होतं, काही लपवलं नाही. ऑफिसचा प्रवास विमा फक्त कामाच्या दिवसांपुरता असतो, म्हणून उरलेल्या दिवसांचा मी स्वतः काढला. त्या व्हिसाला निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवावंच लागतं, त्यामुळे टाळाटाळीचा प्रश्नच नव्हता. म्हणजे बाबांच्या टी.ए. (प्रवासभत्ता) बिलाइतकाच स्वच्छ हिशोब आहे, निश्चिंत राहा.

बाबा, हे चार दिवस मी का घेतले ते मात्र तुम्हाला सांगायचंय.

आपल्या बेसिनवरचा शंखांचा आरसा आठवतो ना? वरच्या कोपऱ्यातले दोन शंख पडले होते, ते आईने फेविकॉलने चिकटवले आणि एक उलटा बसला. तो तुम्ही विशाखापट्टणमच्या दौऱ्यावरून आणला होता. ते शंख तुम्ही किनाऱ्यावर एकेक करून वेचले असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. शाळेत तसं सांगायचेसुद्धा. मग मी नोकरीला लागल्यावर आई एकदा बोलता बोलता म्हणाली, "छे गं, स्टेशनाबाहेर घेतला. समुद्रावर कुठे गेले होते ते!" तुम्ही त्या गावाला पाच वेळा जाऊन आलात. दिवसभर साइटवर आणि काम संपलं की रात्रीच्या गाडीने परत. "सरकारी पैशाने आलोय, फिरायला नाही," हे तुमचं वाक्य. ते खरंही होतं. शिवाय रजा शिल्लक ठेवायची, कारण आमच्या परीक्षा, आजीचं आजारपण. मला ते सगळं माहीत आहे. तरी हे आमंत्रण आलं आणि नकाशात शहराच्या शेजारी निळं दिसलं, तेव्हा पहिल्यांदा तो आरसाच डोळ्यांपुढे आला. म्हटलं, या वेळी समुद्र बघितल्याशिवाय परत फिरायचं नाही.

परिषदेबद्दल थोडक्यात. विटांच्या जुन्या इमारतींना भूकंपासाठी मजबुती कशी द्यायची, यावर माझा पेपर होता. मंगळवारी झाला, बरा झाला, प्रश्नही चांगले आले. बुधवारी संध्याकाळी गळ्यातलं ओळखपत्र काढून बॅगेत टाकलं आणि डोकं मोकळं झालं. हे दिवस परिषदेच्या आधी घेतले असते तर किनाऱ्यावर बसूनही मी स्लाइड्सच दुरुस्त करत राहिले असते.

गुरुवारी शहरच पाहिलं. बाबा, तुम्ही इथे हवे होतात. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी या शहरात मोठा भूकंप झाला. सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये जमलेले. धक्के, त्यामागून समुद्राची लाट आणि मग कित्येक दिवस धुमसणारी आग. हजारो माणसं गेली. त्यानंतर मंत्री पोंबाल यांनी गावोगावच्या चर्चना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की उतरला, भेगा कुठे पडल्या? नुकसानीची अशी पद्धतशीर पाहणी त्या काळात नवलाचीच होती, आमच्या भूकंपशास्त्राची सुरुवात लोक तिथूनच धरतात. मग नदीकाठची सपाट वस्ती काटकोनात आखून नव्याने बांधली. भिंतींच्या आत लाकडी चौकटी आणि चौकटीत फुलीसारखे तिरके वासे. तिथले लोक त्याला "पिंजरा" म्हणतात. नमुन्याचा सांगाडा उभा करून त्याच्या भोवती सैनिकांना कवायत करायला लावली, हादऱ्याला टिकतो का बघायला! हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण एका इमारतीत दुरुस्तीच्या वेळी भिंतीचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवून काच लावलीय, तिथे ती लाकडी फुली समोर दिसली आणि मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. खिळ्याचं डोकं गंजलेलं, लाकडावर तासणीचे घाव अजून स्पष्ट. कुणा सुताराने उजव्या हाताने मारलेत, तेही कळत होतं.

वरच्या टेकडीवर कार्मो मठाचं चर्च आहे. त्याचं छप्पर त्या भूकंपात पडलं, ते तसंच ठेवलंय. कमानी उभ्या आणि वर नुसतं आकाश. आई, तिथपर्यंत चढ आहे, पण मी एक युक्ती शोधून ठेवलीय. बायशा-शियादो नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे, त्याचं एक दार खालच्या वस्तीत आणि दुसरं वरच्या टेकडीवर उघडतं. मधे सरकते जिने. गुडघ्यांना त्रास न होता वर पोचतो. मात्र रस्त्यांवरची ती काळी-पांढरी दगडी फरशी दिसायला सुंदर असली तरी गुळगुळीत झालीय आणि पावसात पाय सटकतो. जाड तळव्याचे बूट लागतील, सपाता चालणार नाहीत.

आणखी एक गंमत. हॉटेलातल्या बाईने किल्ली देताना "शाव" म्हटलं. लिहितात "शावे"सारखं, पण शेवट गिळतात. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, ही तर आपली चावी! मग दिवसभर तोच नाद. पोर्तुगीजमध्ये "पगार" म्हणजे पैसे चुकते करणं. आपली बादली, घमेलं, लिलाव हे शब्दही त्यांच्याकडूनच आले. आई, तू रोज सकाळी जी बादली भरतेस ना, ती अशी जहाजातून आलीय.

शुक्रवारचा दिवस खास होता. काइश दो सोद्रे स्टेशनातून कश्काइशला जाणारी लोकल घेतली, चाळीसेक मिनिटांची. आधी तेजो नदी, मग ती रुंद होत होत कधी समुद्र होते ते कळतसुद्धा नाही. वाटेत तो लांबलचक लाल झुलता पूल लागतो. बाबा, १९६६ सालचा आहे आणि मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, १,०१३ मीटरचा! पुढे कश्काइशहून बसने काबो दा रोका. युरोपच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेकडचं टोक. तिथे एक दगडी स्तंभ आहे आणि त्यावर अक्षांश-रेखांश कोरलेत: उत्तर ३८ अंश ४७ मिनिटं, पश्चिम ९ अंश ३० मिनिटं, उंची १४० मीटर. तुम्ही असतात तर आधी खिशातली डायरी काढून ते उतरवून घेतलं असतं. मी उतरवून घेतलंय, तुमच्यासाठी.

वारा इतका की बोललेलं स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. झाड एकही नाही. फक्त जाड, रसरशीत पानांची एक वनस्पती जमिनीला चिकटून पसरलेली, कड्याच्या अगदी टोकापर्यंत. एक पान बोटांनी दाबून पाहिलं तर काकडीसारखं कचकन मोडलं आणि आत पाणीच पाणी. खाली समुद्र काळसर निळा, आणि पुढे नजर पोचेल तिथवर काही नाही.

तिथे एक म्हातारं जोडपं होतं, तुमच्यापेक्षा थोडं मोठं असेल. काकांच्या खांद्याला घडीचं छोटं स्टूल लटकवलेलं. वीस-पंचवीस पावलं झाली की ते स्टूल उघडायचे, काकू बसायच्या, आणि काका वाऱ्याच्या बाजूने त्यांच्यासमोर आडोशाला उभे राहायचे. मग पुन्हा घडी, पुन्हा वीस-पंचवीस पावलं. असे ते गाडीतळापासून स्तंभापर्यंत आले. घाई नाही, हाश-हुश नाही. मी त्यांच्या मागे मागेच चालत होते, पुढे जावंसंच वाटलं नाही. परतीची बस बराच वेळ आली नाही. नोव्हेंबरात तिकडे साडेपाचलाच सूर्य बुडतो, त्यामुळे अंधारही झाला. मी जरा घाबरले होते, तर काकूंनी खुणेने मला स्टूलवर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी नको नको म्हणत होते. भाषा येत नव्हती, पण "बस गं" हे कुठल्याही भाषेत कळतं.

शनिवारी नझारे. दोन तासांच्या आत बस पोचवते. खाली गाव आणि वाळूचा किनारा, वर कड्यावर जुनी वस्ती, दोन्हींना जोडणारी तारेवर ओढली जाणारी छोटी गाडी १८८९ पासून आहे. तेव्हा हाही चढ आईला चढावा लागणार नाही. कड्याच्या टोकाच्या किल्ल्यावर दीपगृह आहे आणि त्याच्यासमोर जगातल्या सगळ्यात उंच लाटा उठतात. कारण पाण्याखाली आहे. जवळजवळ २३० किलोमीटर लांब आणि पाच हजार मीटरपर्यंत खोल अशी एक दरी समुद्रातून थेट या किनाऱ्याशी येऊन भिडते. खोल पाण्यावरून येणारी लाट वेगात येते, बाजूच्या उथळ भागावरची मंदावते, आणि दोन्ही किनाऱ्याजवळ एकमेकींवर चढतात. २९ ऑक्टोबर २०२० ला एका जर्मन माणसाने इथे २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवर फळी चालवली. आठ मजली इमारत समजा.

मी गेले त्या दिवशी लाटा दोन मजल्यांच्या असतील, तिथल्या हिशोबाने शांतच. पण मला त्या पुरेशा होत्या. लाट फुटल्यावर आवाज लगेच येत नाही. आधी पांढरं उसळताना दिसतं, मग क्षणभराने तो दणका पायाखालच्या दगडातून जाणवतो. कठड्यावर हात ठेवला की हातालाही. बाबा, पायलिंगच्या साइटवर पायाचे खांब जमिनीत ठोकायला घण पडताना तुम्ही माझा हात जमिनीला टेकवायचात, "कळतंय का?" विचारायचात. मला कळायचं. तसंच अगदी.

रविवारी कुठेच गेले नाही. नदीकाठच्या मोठ्या चौकासमोर दोन दगडी खांब आहेत आणि त्यांच्यामधून पायऱ्या पाण्यात उतरतात. भरती लागली होती. तासाभरात तीन पायऱ्या बुडाल्या. शेवाळ लागलेली पायरी आधी ओली होते, मग चमकते, मग दिसेनाशी होते. १७५५ मध्ये पडत्या घरांपासून वाचायला लोक याच काठावर पळून आले होते आणि पाणी मागे हटलेलं पाहत उभे राहिले होते. मी बसले होते तेव्हा तिथे लहान मुलं चप्पल हातात घेऊन खेळत होती.

आता मुद्द्याचं. पुढची परिषद कधी, कुठे, ते ठरलेलं नाही, आणि मला तिची वाट बघायची नाही. येत्या मे महिन्यात आपण तिघं जाऊ. मोठ्या लाटा दिसणार नाहीत, त्या साधारण ऑक्टोबर ते मार्चमध्ये असतात. पण मेमध्ये वारा सोसवतो आणि रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे घाई करावी लागणार नाही. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी विश्रांती. कुठे किती पायऱ्या, कुठे बाकं, कुठे स्वच्छतागृह, हे मी तिथे फिरताना वहीत लिहून आणलंय. खर्चाचं काही बोलू नका.

बाबा, तुमच्या पासपोर्टची मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक लागतात, नसेल तर आत्ताच नूतनीकरणाला टाकू. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांना या महिन्यातच दाखव आणि सरळ विचार, "दिवसाला किती चालू?" ते सांगतील तेवढंच चालायचं. घडीचं स्टूल मी घेते.

तुमची,
मनी

ता. क. कश्काइशच्या लोकलमध्ये जाताना डावीकडची खिडकी धरायची, येताना उजवीकडची. बाबा, दोन्ही वेळा खिडकीत तुम्ही बसायचं.