स्मृतिभ्रंशाच्या व्यायामवर्गाची वेळ आणि पद्धत परस्पर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझे यजमान 74 वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले चालक. त्यांना अल्झायमर आहे. जूनमध्ये मुलाने तुमच्या ऑनलाइन वर्गाच्या 24 तासिकांचे 7,200 रुपये एकदम भरले. जाहिरातीत होतं : सकाळी 11 ची वेळ, रुग्ण आणि सांभाळणारे अशा जास्तीत जास्त आठ जोड्या, शिकवणाऱ्या ताई कायम त्याच.

पहिल्या नऊ तासिका उत्तम झाल्या, हे आधी लिहिते. ताई सुरुवातच करायच्या, "काका, गाडी काढा." हे खुर्चीत बसल्याबसल्या स्टिअरिंग फिरवायचे, डाव्या पायाने क्लच दाबायचे आणि बाकीचे त्यांच्यामागे. एका वेळी एकच सूचना, मग ताई थांबायच्या.

त्यानंतर न विचारता वेळ संध्याकाळी 6 ची केलीत. या आजारात दिवेलागणीला माणूस बेचैन होतो, हे मी तुम्हाला सांगायचं? त्या वेळी हे "घरी जायचंय" म्हणत दाराची कडी चाचपत असतात. पडद्यावर 31 चौकोन मोजले मी. हे म्हणाले, "एवढी माणसं आलीत, चहा टाकलास का?"

नवे सर विचारतात, "मागच्या वेळी काय केलं, आठवतंय ना?" आठवत असतं तर वर्ग कशाला लावला असता! गेल्या तासाला त्यांनी एका पायावर उभं राहून टाळ्या वाजवत उलटे आकडे म्हणायला सांगितलं. ह्यांचा तोल गेला. मी धरलं म्हणून निभावलं, पण माझा खांदा अजून दुखतोय. आमचा माइक तुम्हीच बंद ठेवता, त्यामुळे ओरडूनही उपयोग नव्हता.

शेवटची दहा मिनिटं आम्हा सांभाळणाऱ्यांची असायची, तीही गेली. अंघोळीला ओरडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर आधी टॉवेल टाकावा, मग पाणी घ्यावं, ही युक्ती मला तिथेच एका बाईंनी सांगितली होती.

फोन केला तर उत्तर मिळालं, "जुनं रेकॉर्डिंग लावा." लावलं. ह्यांनी गाडी काढली, पण "शाब्बास काका" कोण म्हणणार?

सकाळची छोटी तुकडी पुन्हा द्या, नाहीतर ठरल्याप्रमाणे न झालेल्या 15 तासिकांचे 4,500 रुपये परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवीन.

आपली,
(सही)
सातारा

ता. क. : पैसे मुलाच्या खात्यातून गेलेत, परतही तिथेच करा. मला ते ॲप जमत नाही.