तुझ्या स्वादुपिंडातील चरबीविषयी

चि. मिहीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोनोग्राफीच्या अहवालातले वाक्य तू फोनवर वाचून दाखवलेस. स्वादुपिंड नेहमीपेक्षा उजळ दिसते आणि त्यात चरबी साठली असण्याची शक्यता आहे, असे त्यात होते. ते वाचल्यावर तू लगेच म्हणालास, की तुझे वजन तर बेताचेच आहे, मग हे कसे झाले? हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे नीट उत्तर मिळाल्याखेरीज तू या अहवालाकडे पुन्हा पाहणार नाहीस, हे मी जाणून आहे. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते आणि जेमतेम वीतभर लांब असते. अन्न पचवणारे रस आतड्यात सोडणे आणि इन्सुलिनसारखी संप्रेरके रक्तात मिसळणे, ही दोन कामे ते करते. थोडी चरबी निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातही असते आणि वयाबरोबर ती वाढत जाते. त्यामुळे ‘चरबी आहे’ एवढ्यावरून आजार ठरत नाही. ती किती आहे आणि कशामुळे आली, हे पाहावे लागते.

सर्वांत मोठे कारण लठ्ठपणा हेच आहे आणि ते आज कळलेले नाही. १९३३ मध्ये ओगिल्व्ही या संशोधकांनी मृत व्यक्तींची स्वादुपिंडे तपासली, तेव्हा लठ्ठ व्यक्तींमध्ये चरबीचे प्रमाण सुमारे १७ टक्के आणि सडपातळ व्यक्तींमध्ये सुमारे ९ टक्के आढळले. मात्र वजनकाट्यावरचा आकडा येथे अपुरा पडतो. त्वचेखालची चरबी हे शरीराचे हक्काचे कोठार आहे, आणि प्रत्येकाच्या कोठाराची क्षमता जन्मतःच वेगवेगळी असते. ज्याचे कोठार लहान, त्याची जास्तीची चरबी कमी वजनातही बाहेर सांडते आणि पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात व स्वादुपिंडात जाऊन बसते. म्हणून दोन माणसांचे वजन सारखे असूनही एकाचे स्वादुपिंड स्वच्छ असते आणि दुसऱ्याचे चरबीने भरलेले असते. तुझे वजन वाढलेले नसले तरी गेल्या काही वर्षांत तुझ्या कमरेचा घेर वाढला आहे, आणि मला वजनापेक्षा त्याचीच अधिक काळजी वाटते.

यकृताचा या सगळ्याशी निकटचा संबंध आहे. गरजेपेक्षा अधिक खाणे, विशेषतः गोड पेये आणि साखर, सतत चालू राहिले की यकृत त्या जास्तीच्या ऊर्जेची चरबी बनवते आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपाने ती रक्तात सोडते. तीच पुढे स्वादुपिंडातही साचते. त्यामुळे फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, आणि स्वादुपिंडातील चरबी बहुधा एकत्र आढळतात. तेथील चरबी इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींच्या कामात अडथळा आणत असावी, असे मानले जाते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधक रॉय टेलर यांनी २००८ मध्ये यकृत आणि स्वादुपिंड एकमेकांचे काम बिघडवत राहतात, असे हे दुहेरी दुष्टचक्र मांडले. पुढे २०११ मध्ये त्यांच्या गटाने टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला, तेव्हा त्यांच्या स्वादुपिंडातील चरबी सुमारे ८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आसपास आली आणि इन्सुलिनचा स्राव सुधारला. हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. तू स्वतःच्या मनाने असा कडक आहार सुरू करू नकोस.

प्रत्येक वेळी कारण खाण्यापिण्यातच असते, असेही नाही. काही आजारांत स्वादुपिंडाच्या पेशीच नष्ट होतात आणि त्यांची जागा चरबी घेते. सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार त्याचे ठळक उदाहरण आहे. शरीरात लोह साचणे किंवा खड्यामुळे अथवा गाठीमुळे स्वादुपिंडाची नलिका बंद होणे, यांमुळेही असे घडते. मद्यपानाने स्वादुपिंडाला इजा होते आणि धूम्रपान त्यात भर घालते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या हेही एक कारण आहे, म्हणून दम्यासाठी तू त्या किती काळ घेतल्या होत्यास, हे डॉक्टरांना आठवणीने सांग. तुझ्या बाबांना मधुमेह आहे, तेही सांगायला विसरू नकोस, कारण घरात मधुमेह असताना अशा अहवालाचे महत्त्व वाढते.

या चरबीमुळे सहसा काहीच जाणवत नाही. पण तिचा टाइप २ मधुमेहाशी संबंध दिसतो, आणि तीव्र स्वादुपिंडदाह (स्वादुपिंडाला अचानक येणारी सूज) व स्वादुपिंडाच्या कर्करोगाशीही तो आढळला आहे. संबंध आढळणे म्हणजे चरबीमुळेच ते आजार होतात असे सिद्ध होणे नव्हे, तेव्हा कर्करोगाच्या विचाराने झोप घालवू नकोस. मात्र वरच्या पोटात दुखून ते पाठीत जाऊ लागले, शौच तेलकट व तरंगणारे होऊ लागले किंवा काही न करता वजन उतरू लागले, तर एक दिवसही थांबू नकोस.

सोनोग्राफीत स्वादुपिंड पुष्कळदा आतड्यातील वायूमुळे नीट दिसत नाही, आणि चरबी नेमकी किती आहे हे त्यातून मोजता येत नाही. ते एमआरआयमध्ये अधिक चांगले कळते, पण त्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना ठरवू दे. त्याआधी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी तपासणी), ट्रायग्लिसराइड आणि यकृताच्या तपासण्या करून घे आणि कमरेचा घेर मोजून लिहून ठेव. हे आकडे आणि सोनोग्राफीचा अहवाल बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जा, आणि ते काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळव.

तुझी,
आई