आधी तेल, मग नायट्रो: काका, मनापासून आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही मला जे समजावलंत ते पहिल्यांदा ग्लो इंजिन (मॉडेल विमानाचं छोटं इंजिन, ज्यात तापलेल्या तारेचा ग्लो प्लग इंधन पेटवतो) हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं, असं मला फार वाटतं.

मामाचं जुनं पंचविसाचं, म्हणजे ०.२५ घन इंचाचं, साधारण ४ सी.सी.चं इंजिन घेऊन मी तुमच्याकडे आले, तेव्हा माझा प्रश्न एकच होता. मिथेनॉल, तेल आणि नायट्रो (नायट्रोमिथेन) मिळून जे इंधन बनतं, त्यात नायट्रो १० टक्के घेऊ की १५? तुम्ही आकडा सांगितलाच नाहीत. मागचं झाकण उघडलंत, एक्झॉस्टमधून पिस्टनवर टॉर्च मारलात आणि म्हणालात, "बॉल बेअरिंग नाही, बुश (साधी धातूची नळी) आहे. पिस्टन लोखंडी, स्लीव्ह (पिस्टन फिरतो ती नळी) पोलादी. याला तेल किती लागेल ते आधी बघ."

मग नायट्रोचं कोडं तुम्ही उलगडून सांगितलंत. नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. वजनानं एक भाग मिथेनॉल जळायला साडेसहा भागांच्या आसपास हवा लागते, नायट्रोला दोन भागही लागत नाहीत. म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं, ताकद वाढते, आयडल (सगळ्यात कमी वेगावर चालणं) स्थिर राहतं. पण टाकी लवकर संपते आणि प्रमाण फार वाढवलं तर ज्वलन वेळेआधी सुरू होतं, मग हेडखाली शिम (पातळ चकती) घालून कॉम्प्रेशन उतरवावं लागतं. एफ२ए स्पीड या मॉडेल विमानांच्या वेगाच्या स्पर्धेचं उदाहरण तर माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. तिथे ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल, नायट्रो शून्य, तरीही अडीच सी.सी.ची विमानं ताशी २८० किलोमीटरच्या पुढे जातात!

दुकानात मिळालेला कॅन १० टक्के नायट्रोचा होता, पण त्यात तेल १८ टक्केच आणि तेही सगळं सिंथेटिक. नव्या एबीसी (अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह) इंजिनाला ते चालेल, याला नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. इंजिन लीन होऊन (हवेच्या मानानं इंधन कमी पडून) तापलं की सिंथेटिक आधी हार मानतं, एरंडेल टिकून राहतं. मग अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालायला लावून, एक लिटरच्या कॅनमध्ये ५० मिली शुद्ध एरंडेल माझ्याकडून मोजून ओतून घेतलंत. तेल २२ टक्क्यांवर गेलं, नायट्रो साडेनऊवर आलं, आणि माझा प्रश्न आपोआप सुटला. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही अंगात जातं आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, हे तुम्ही त्या दिवशी पुन्हा पुन्हा बजावलंत. त्याबद्दल आईकडूनही आभार.

मैदानावर इंजिन सुरू झाल्यावर इग्नायटर (ग्लो प्लग तापवणारी बॅटरी) काढला की आवाज खाली बसत होता. मी लगेच जास्त नायट्रोचं नाव काढलं असतं, पण तुम्ही आधी हॉट प्लग (जास्त गरम राहणारा ग्लो प्लग) लावून बघितलात, आणि तेवढ्यानंच काम झालं. नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) लावायची पद्धत तर मी आता इतरांनाही शिकवते. फुल थ्रॉटलला विमानाचं नाक आकाशाकडे धरायचं. आवाज किंचित चढला तर ठीक, बसला तर मिश्रण लीन आहे, नीडल थोडी उघडायची. नाशिकच्या उन्हाळ्यात सकाळी लावलेली नीडल दुपारी तशीच चालेल असं धरायचं नाही, हेही तुमचंच.

उडवून झाल्यावर टाकी रिकामी करून इंजिन पूर्ण कोरडं होईपर्यंत चालवते आणि आफ्टर-रन ऑइल (गंज न धरू देणारं तेल) घालते. नायट्रोच्या अवशेषांनी आत गंज धरतो, म्हणून हे कधीच टाळत नाही. मिथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात कॅनचं झाकण घट्ट लावून ठेवते.

एवढं ज्ञान तुम्ही हातचं काही न राखता दिलंत, वेळेचा हिशोब केला नाहीत. मी तुमची कायमची ऋणी आहे. माझ्या मावसभावानं आता फोर-स्ट्रोक घेतलंय. त्याला कॅनवर तेलाचा आकडा आधी वाचायला सांगितलाय, बाकीचं विचारायला रविवारी त्याला घेऊन येते.

आपली,
पंचविसाच्या इंजिनवाली