इशारा जिल्ह्याला, पाऊस आमच्या खळ्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अवकाळीच्या नुकसानीची कालची बातमी वाचली. शेवटच्या परिच्छेदात अधिकाऱ्यांचे म्हणणे आहे की इशारा आधीच दिला होता, शेतकऱ्यांनी तो गांभीर्याने घेतला नाही. आपल्या वार्ताहराने ते मुकाट्याने लिहून घेतलेले दिसते. गांभीर्याने घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, एवढे तरी विचारायचे होते.

मार्च-एप्रिल हे आमच्याकडे, हिंगोलीत, हळदीचे दिवस. शिजवलेली हळद खळ्यावर पसरली की दहा-पंधरा दिवस कडक ऊन लागते. त्या आठवड्यात रोजच यलो अलर्ट होता. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे, हा मजकूर आता पोरांनाही पाठ झाला आहे. रात्री ताडपत्री आम्ही टाकतोच. भर दुपारी टाकली तर खाली वाफ धरते, हळकुंडांना घाम सुटतो आणि बुरशी लागते. म्हणजे इशारा मानून रोज झाकली तरी माल खराब, न झाकावी तर पावसाची टांगती तलवार. गोळा करून आत न्यावी म्हणाल, तर तेवढे मजूर कुठून आणू? आणि तेवढी शेड असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

त्या दिवशी तीन वाजेपर्यंत आभाळ निरभ्र होते. मग मावळतीकडून ढग उठला, वावटळ सुटली आणि बघता बघता टपोरे थेंब आले, पाठोपाठ गारा. घरातले सगळे ताडपत्रीचे कोपरे धरून उभे होतो, तरी अर्ध्याच्या वर हळद भिजली. मोबाइल वाजला तेव्हा खळ्यावर पाणी साचले होते. पुढील तीन तासांत जिल्ह्यात वादळी पावसाची शक्यता, घराबाहेर पडू नये. सौभाग्यवती म्हणाल्या, “आता सांगायलेत का?” भिजलेल्या हळदीचा रंग काळपट पडतो आणि मोंढ्यात व्यापारी हातात हळकुंड घेताक्षणीच मान हलवतो, हे आपल्याला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी एका सरकारी कार्यालयात फोन केला. साहेब शांतपणे म्हणाले, “अलर्ट जिल्ह्याला होता. तुमचं गाव जिल्ह्यातच येतं ना?” येते साहेब. सातबाऱ्यावर तसेच आहे.

उन्हाळी ढग तासाभरात उभा राहतो आणि कोसळून मोकळा होतो. तो कोणत्या शिवारात पडेल हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. त्याबद्दल हवामान खात्याशी भांडण नाही. पण तो उभा राहिल्यावर तास-अर्धा तास आधी सांगता येते, त्यासाठीच ढगातला पाऊस आणि वारा दुरून टिपणारे डॉप्लर रडार असते. नागपूरचे रडार आमच्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पृथ्वी गोल असल्याने इतक्या लांब येईपर्यंत त्याचा सर्वांत खालचा किरणसुद्धा जमिनीपासून पाच किलोमीटर किंवा त्याहून उंचावरून जातो. त्याच्या खाली आमच्या डोक्यावर काय शिजते आहे ते त्याला दिसणार कसे? मराठवाड्यात रडार येणार, या बातम्या आपल्याच अंकात वाचत आलो आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने हवामान अंदाज सुधारण्याच्या ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. जानेवारी २०२५ मध्ये हवामान खात्याची दीडशे वर्षे थाटात साजरी झाली, पंतप्रधानांचे भाषणही झाले. आनंदच आहे. राज्याने ‘महावेध’मधून दोन हजारांवर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली, तीही चांगलीच. पण ती पडून गेलेला पाऊस मोजतात. तो किती पडला हे मला न मोजताही कळले होते.

सरकारी इशारा असा ढोबळ, म्हणून लोक यूट्यूबवाल्यांकडे वळतात. ते निदान तालुक्याचे नाव घेतात, मग खरे होवो न होवो. परभणीतून एका अंदाज सांगणाऱ्याने २०२४ मध्ये थेट लोकसभाच लढवली. तिथला निकाल मात्र त्यांच्या अंदाजाबाहेर गेला.

आणि निरोप पोचवता येत नाही असेही नाही. २०२३ मध्ये सरकारने आपत्तीच्या सूचनेची चाचणी घेतली तेव्हा खिशाखिशांतले फोन भोंग्यासारखे एकदम केकाटले होते. चाचणीला जमते ते गारपिटीला का जमू नये? निवडणुकीत तर उमेदवाराचा रेकॉर्ड केलेला आवाज नेमका जेवायला बसलो की येतो, एक मिनिटाचा उशीर नाही. ‘दामिनी’ अ‍ॅप विजांसाठी उपयोगी आहे, मी वापरतो. पण शिवारात रेंज नसली की तेही गप्प.

आता पंचनाम्याचे ऐका. पाहणीला आलेले गृहस्थ म्हणाले, “उभं पीक असतं तर बघितलं असतं, ही काढलेली हळद आहे.” काढणीनंतरच्या नुकसानीची तरतूद पीकविम्यात होती, तीही राज्य सरकारने २०२५ मध्ये एक रुपयाची योजना गुंडाळताना वगळली. तेव्हा कुणाही आमदाराने सभागृह डोक्यावर घेतल्याचे स्मरत नाही. गारा पडल्यावर मात्र सगळे बांधावर हजर, फोटोग्राफरसह.

मागणी साधी आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाला, ढग कुठे आहे आणि कोणत्या तालुक्याकडे सरकतो आहे, एवढे कळवा. भोंगा वाजवा, मंदिरावरच्या कर्ण्यावरून सांगा, कसेही. ताडपत्री टाकायला आम्हाला वीस मिनिटे पुरतात.

ता. क. : आपल्या अंकातली हवामानाची चौकट परवाच्या आणि कालच्या अंकात शब्दशः एकच होती, तारीख तेवढी बदललेली. तिच्याखालच्या सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीत मात्र भाव ताजा होता.

आपला,
एक हळद उत्पादक
ता. कळमनुरी, जि. हिंगोली