निळ्या हायड्रेंजियाला गुलाबी फुलं आली, म्हणून झाड उपटू नका

महोदय,

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याला माझी छोटी रोपवाटिका आहे. वडिलांच्या काळापासून आम्ही हायड्रेंजियाची, म्हणजे मोठ्या गुच्छांत फुलणाऱ्या झुडपाची, रोपं करतो. फुलांचा हंगाम आला की पुण्या-मुंबईकडून फोन सुरू होतात. ‘तुमच्याकडून निळं झाड नेलं होतं, त्याला गुलाबी फुलं आली, तुम्ही आम्हाला फसवलंत.’ कोणाला वाटतं आम्ही कुंडीत रंग ओततो, कोणाला वाटतं कलमात गडबड केली. अशा वेळी मनाला फार लागतं. त्याहून वाईट म्हणजे या गैरसमजापायी धडधाकट झाडं उपटून कचऱ्यात जातात.

कलमाचा संशय गुलाबावरून आलेला असावा. गुलाबात खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग, जंगली असतो, त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. वरचं कलम मेलं आणि खालून खुंट फुटला, तर वेगळीच फुलं येतात. हायड्रेंजियाचं तसं नाही. त्याची रोपं आम्ही फांदीच्या छाटापासून करतो. मूळ आणि शेंडा एकाच झाडाचा असतो, त्यामुळे खालून दुसरं काही फुटण्याचा प्रश्नच येत नाही. निळं आणि गुलाबी फूल एकाच झाडाचं असतं, इतकंच काय, दोन्हींतलं रंगद्रव्यही एकच असतं. त्याला अॅल्युमिनियम मिळालं की ते निळं दिसतं, नाही मिळालं की गुलाबी.

हे अॅल्युमिनियम झाड मातीतून घेतं. तसं ते बहुतेक सगळ्या मातीत असतं, पण माती आंबट असेल तरच ते विरघळून मुळांना मिळतं. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) साधारण ५.५ च्या खाली असला की फुलं निळी येतात, ६.५ च्या वर गेला की गुलाबी. मधल्या मातीत जांभळट, कधी एकाच गुच्छात दोन्ही रंग. शाळेतला लिटमस आम्लात लाल होतो आणि इथे आम्लधर्मी मातीत फूल निळं होतं, म्हणून मुलं गोंधळतात. पण इथे रंग आम्ल बदलत नाही, अॅल्युमिनियम बदलतं. आम्ल फक्त त्याला मोकळं करतं.

आमच्याकडे हे आपोआप होतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो मातीतला चुना धुऊन नेतो आणि मागे उरते ती जांभ्याची तांबडी, आंबट माती. अशाच जांभ्यात कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडकडे बॉक्साइट सापडतं, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिजच. अशा मातीतून निघालेलं रोप पुण्याच्या चुनखडी असलेल्या काळ्या मातीत लावलं आणि वर बोअरवेलचं चुना असलेलं जड पाणी घातलं, तर त्याने निळं राहायचं तरी कसं?

वाईतल्या एका ताईंच्या बंगल्यातलं झाड मी स्वतः जाऊन पाहिलं. एकाच झाडाला कुंपणाच्या भिंतीकडे गुलाबी गुच्छ आणि अंगणाकडे निळसर. घरचे घाबरले होते, झाडाला रोग लागला की काय म्हणून. भिंतीकडची माती उकरली तर करड्या रंगाची निघाली, त्यात गिलाव्याचे पांढरे खडे. उन्हाळ्यात भिंतीला प्लास्टर केलं होतं, राडारोडा तिथेच पडला होता. एका खड्यावर लिंबू पिळलं तर फसफसून बुडबुडे आले. त्या बाजूच्या मुळांना चुना मिळत होता, दुसऱ्या बाजूच्या मुळांना नाही. झाड अगदी ठणठणीत होतं. सोसायट्यांमध्ये झाडांच्या बुंध्यांना आणि कडेच्या दगडांना गेरू-चुना फासतात, सिमेंटच्या कुंड्या वापरतात, तिथेही हळूहळू हेच घडतं.

निळाच रंग हवा असेल तर झाड कुंडीत लावा, पण सिमेंटच्या नको. तुरटीत अॅल्युमिनियम असतं. पोह्याचा एक चमचा तुरटीची पूड चार लिटर पाण्यात विरघळवून, माती आधी साध्या पाण्याने भिजवून, मग घालावी. ही मात्रा वाढवू नका, मुळं करपतात. कळ्या धरायच्या आधीपासून हे करावं लागतं, उमललेल्या फुलाचा रंग त्याने फिरत नाही. पावसाचं पाणी साठवून घातलंत तर फारच उत्तम. डीएपी खत, बोनमील (हाडांचा चुरा) यांचा मारा टाळा, कारण त्यांतलं फॉस्फरस अॅल्युमिनियमला धरून ठेवतं. गंजके खिळे पुरण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो, त्यात तथ्य नाही. हा रंग लोखंडाचा नव्हेच. पांढऱ्या जातीला निळं करण्याची पूड विकणारेही आहेत, त्यांच्याकडून काही घेऊ नका. पांढऱ्यात ते रंगद्रव्यच नसतं. आणि जुने गुच्छ हिरवट पडले तर घाबरू नका. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या खरं तर निदलं आहेत, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं, ती गळून न पडता झाडावरच पिकतात.

आता माझं खरं गाऱ्हाणं. ‘निळा रंग मातीमुळे येतो’ एवढंच ऐकून काही पर्यटक रस्त्याकडेच्या उतारावर गाडी थांबवतात आणि खुरप्याने तांबडी माती पोत्यात भरतात. मी हटकलं तर म्हणतात, एका पोत्याने काय होतं! पण हा थर पातळ आहे, खाली लगेच खडक लागतो. उकरलेली जागा पहिल्याच मोठ्या पावसात घळीसारखी वाहते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. शिवाय ही माती कुंडीत भरून रोज बोअरचं पाणी घातलं, तर तिचा आंबटपणाही हळूहळू मरतो. म्हणजे डोंगरही उघडा पडला आणि फूलही गुलाबीच आलं.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की ‘निळ्या फुलाची हमी’ देऊन रोप विकू नका. रोपासोबत मातीची आणि पाण्याची माहिती लिहिलेली चिठ्ठी द्या, आम्ही ती देतो. आणि नगरपालिकांना विनंती, की प्रवासी कर घेतात त्या नाक्यांवर ‘येथून माती नेऊ नये’ असा ठळक फलक येत्या हंगामाच्या आत लावावा. लावण्याचं काम आम्ही रोपवाटिकावाले करू, परवानगी तेवढी द्यावी.

आपला,
एक रोपवाटिकाचालक, पाचगणी (जि. सातारा)